साथीच्या काळात महाधमनीच्या झडपेचा आजार: रुग्णाच्या घरच्यांसाठी मार्गदर्शक

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरलेल्या अनेकांना ‘साथ ओसरली की बघू’ असा निरोप मिळाला. गुडघ्याच्या किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्यांना या निरोपाचा त्रास झाला, पण त्यांच्या जिवाला सहसा धोका नव्हता. महाधमनीची झडप आकसलेल्या माणसाचे तसे नसते. त्याच्यासाठी थांबणे हाही एक उपचारविषयक निर्णय असतो, आणि औषधाची मात्रा ठरवावी तितक्याच काळजीने थांबण्याची मुदत ठरवावी लागते. ज्यांच्या घरात हे निदान नुकतेच झाले आहे आणि त्याच वेळी रुग्णालये साथीच्या रुग्णांनी भरलेली आहेत, अशा कुटुंबांसाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. आधार कोविड-१९ च्या काळातील अनुभवाचा आहे. श्वसनमार्गाची दुसरी कोणतीही साथ आली तरी यातील बहुतेक भाग तसाच लागू पडेल.

पहिली पायरी: नेमके काय बिघडले आहे ते विचारा

हृदयाचा डावा खालचा कप्पा शरीरभर रक्त ढकलतो. तो कप्पा आणि महाधमनी, म्हणजे शरीराला रक्त नेणारी मुख्य धमनी, यांच्यामध्ये तीन पाकळ्यांची एक झडप असते. ती दोन प्रकारे बिघडते. पाकळ्या कडक होऊन नीट उघडेनाशा झाल्या, तर त्याला डॉक्टर ‘स्टेनोसिस’ म्हणतात आणि घरच्यांना ‘व्हॉल्व्ह आकसला आहे’ असे सांगतात. पाकळ्या नीट मिटेनाशा झाल्या, तर रक्त मागे गळते. ते ‘रिगर्जिटेशन’, म्हणजे बोलीभाषेतला ‘लीक’. वयस्क माणसांत झडप आकसण्याचे मुख्य कारण पाकळ्यांवर साचणारे कॅल्शियम हे असते. ज्यांना जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात, त्यांच्यात हाच प्रकार दहा-वीस वर्षे आधी दिसतो. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर होणारा संधिवाताचा ताप हे आपल्याकडचे जुने कारण अजून संपलेले नाही, आणि त्यात बहुधा दुसरी, म्हणजे मायट्रल झडपही बिघडलेली असते.

हा फरक विचारून घेण्याचे कारण असे की दोन्ही आजारांचा कालक्रम वेगळा आहे. हळूहळू वाढलेली गळती हृदय अनेक वर्षे सोसते, त्यामुळे साथीच्या काळात काही महिने थांबणे पुष्कळदा शक्य असते. अपवाद अचानक झालेल्या गळतीचा: झडपेला जंतुसंसर्ग झाला किंवा महाधमनीची भिंत फाटली, तर ती तासांत निर्णय घेण्याची आणीबाणी असते. आकसलेल्या झडपेचा रुग्णही लक्षणे नसताना वर्षानुवर्षे बरा राहतो. मात्र लक्षणे सुरू झाली की उपचाराविना सरासरी आयुष्य दोन-तीन वर्षांवर येते. पुढील लेख मुख्यतः या आकसण्याविषयी आहे, कारण साथीत फसगत होते ती तिथेच.

दुसरी पायरी: टूडी इकोचा कागद वाचायला शिका

टूडी इको म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली हृदयाची तपासणी. तिच्या कागदावर आधी तीन आकडे शोधावेत. झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा सर्वाधिक वेग सेकंदाला ४ मीटर किंवा अधिक, झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातील सरासरी फरक (‘ग्रेडियंट’) पाऱ्याचे ४० मिलिमीटर किंवा अधिक, आणि झडपेच्या उघडीपीचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर किंवा कमी असेल, तर आजार तीव्र समजतात. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते, म्हणजे तीव्र आजारात दाराची खिडकी झालेली असते. वेग ५ च्या पुढे गेला असेल तर आजार अतितीव्र धरतात आणि लक्षणे नसली तरी शस्त्रक्रियेचा विचार होतो. चौथा आकडा ‘ईएफ’ चा, म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकते त्याचा. तो ५० च्या खाली असेल तर हृदय दमू लागले आहे. अशा दमलेल्या हृदयाला पुरेसा जोर लावता येत नसल्याने वेग आणि दाबाचा फरक प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतो. त्यामुळे ‘क्षेत्रफळ कमी, पण ग्रेडियंट फारसा नाही’ असे लिहिलेले पाहून कोणी निश्चिंत होऊ नये.

कोणती तपासणी पुढे ढकलता येते हेही याच कागदावरून ठरते. सौम्य आजारात इको तीन ते पाच वर्षांनी आणि मध्यम आजारात एक-दोन वर्षांनी करतात, म्हणून साथीत ती काही महिने लांबली तर बिघडत नाही. तीव्र आजारात ती सहा महिने ते वर्षभरात व्हावीच लागते. कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा, कारण नेहमीचे रुग्णालय साथीसाठी राखीव झाले तर फाइल तिथेच अडकते. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी राखून ठेवले गेले, तेव्हा इतर रुग्णांना दुसरीकडे जावे लागले होते.

तिसरी पायरी: लक्षणे विचारू नका, शोधा

या आजाराची तीन लक्षणे महत्त्वाची आहेत: श्रम केल्यावर धाप लागणे, छातीत दाटणे किंवा दुखणे, आणि चालताना वा जिना चढताना भोवळ येणे. ऐकायला सोपे वाटते. पण रुग्णाला ‘त्रास होतो का?’ असे विचारले तर बहुधा ‘नाही’ हेच उत्तर येते, आणि ते खोटेही नसते. दम लागू लागला की माणूस नकळत आपली हालचाल कमी करतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे जाणे बंद होते, बाजारहाट मुलाकडे जाते, देवळाची फेरी कोपऱ्यावरच्या गणपतीपर्यंत येऊन थांबते, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं, दम लागणारच.’

टाळेबंदीने या लपंडावाला भलतीच मदत केली. महिनोन्‌महिने कोणीच घराबाहेर पडत नव्हते, त्यामुळे झडपेच्या रुग्णाला आपण चालू शकत नाही हे कळण्याचा प्रसंगच येत नव्हता. साथीच्या काळात ‘मला काही त्रास नाही’ या वाक्यावर मी तरी विसंबणार नाही. त्याऐवजी वर्षभरापूर्वी करत होता आणि आता करत नाही अशा पाच गोष्टी रुग्णाला आठवायला सांगाव्यात आणि प्रत्येक गोष्ट का सुटली हे विचारावे. स्नान करून कपडे घालताना मध्ये बसावे लागते का, बोलता बोलता वाक्य तुटते का, रात्री उशा वाढल्या का, आणि संध्याकाळी पायांवर मोज्याचा वळ उमटतो का, हे पाहावे. उत्तरे तारखेसह वहीत लिहावीत. फोनवरून सल्ला घेताना डॉक्टरांना छातीवर स्टेथोस्कोप ठेवता येत नाही, आणि तेव्हा ही वहीच तपासणीचे काम करते.

धाप ही झडपेची की साथीच्या संसर्गाची, हा प्रश्न घरी सुटत नाही. ताप, खोकला, वास जाणे किंवा घरात आणखी कोणी आजारी असणे संसर्गाकडे बोट दाखवते. आडवे पडल्यावर वाढणारी आणि उठून बसल्यावर कमी होणारी धाप हृदयाकडे. ऑक्सिमीटरवर ९७ दिसले म्हणून झडपेचा त्रास नाही असे मात्र समजू नये, कारण झडपेच्या रुग्णाला धाप लागत असतानाही सुरुवातीला हा आकडा चांगला असू शकतो.

चौथी पायरी: थांबायचे की नाही, याचे उत्तर तारखेसह मागा

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथील विद्यापीठ रुग्णालयाने लक्षणे असलेल्या तीव्र स्टेनोसिसच्या ७१ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. झडपेचे क्षेत्रफळ ०.६ चौरस सेंटिमीटर किंवा कमी, दाबाचा सरासरी फरक ६० मिलिमीटर किंवा अधिक, मागील तीन महिन्यांत हृदय निकामी होण्याचा झटका, किंवा थोड्याशा श्रमानेही त्रास, यांपैकी काही असलेल्या २५ जणांवर त्वरेने उपचार केले आणि उरलेल्या ४६ जणांना थांबवले. साधारण महिन्याभरात, आधी अधिक आजारी असलेल्या पहिल्या गटातील एकालाच मृत्यू, पक्षाघात किंवा अनपेक्षितपणे रुग्णालयात दाखल होणे यांपैकी काही भोगावे लागले. ‘थांबू शकतील’ असे वाटलेल्या गटात ही संख्या नऊ होती, आणि त्यांतील बहुतेकांना झडपेचा त्रास वाढल्याने दाखल करावे लागले होते. अभ्यास लहान आहे, पण त्यातून दोन उपयोगी गोष्टी हाती लागतात. वरचे चार निकष आपल्या कागदाशी ताडून पाहता येतात, आणि ज्यांना थांबवले आहे त्यांच्यावर लक्ष ठेवावेच लागते, हे लक्षात राहते.

म्हणून डॉक्टरांनी ‘थांबू या’ म्हटले, तर नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे: किती आठवडे थांबायचे, दरम्यान फोन कोण कोणाला करणार, कोणते लक्षण दिसले की थांबणे संपले असे समजायचे, आणि तेव्हा कोणत्या रुग्णालयात यायचे? भारतात दूरध्वनी व व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजीच प्रसिद्ध झाली, त्यामुळे असा सल्ला घेण्यात आता संकोचण्याचे कारण नाही. लक्षणे असलेल्या रुग्णाशी आठवड्यातून एकदा तरी बोलणे झाले पाहिजे.

भोवळ येऊन पडणे, बसल्या जागी धाप लागणे, न थांबणारी छातीदुखी यांपैकी काहीही झाले तर फोनची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि ती आली की पहिल्याच वाक्यात ‘महाधमनीची झडप खूप आकसलेली आहे’ असे सांगावे, नाहीतर साथीच्या दिवसांत रुग्ण सरळ संसर्गाच्या वॉर्डात जाण्याचा संभव असतो.

पाचवी पायरी: थांबण्याच्या काळात घरी काय करावे, काय टाळावे

झडप पुन्हा उघडेल अशी गोळी अद्याप निघालेली नाही. लघवी वाढवणारी औषधे पाणी साचणे कमी करतात, रक्तदाबाची औषधे बेताने चालू ठेवतात, बस. रोज सकाळी लघवी झाल्यावर आणि चहापूर्वी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अन्नाचे नसून पाण्याचे असते. लोणचे, पापड, फरसाण यांना आवर घालावा. उलट जुलाब किंवा ताप असताना लघवीची गोळी तशीच चालू ठेवली तर शरीर कोरडे पडून रक्तदाब घसरतो, म्हणून अशा वेळी विचारूनच पुढची गोळी द्यावी.

घरातल्या औषधांच्या डब्यात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते आणि छातीत दुखले की ती देण्याची पद्धत आहे. तीव्र स्टेनोसिसमध्ये ती आपल्या मनाने देऊ नये. तिने रक्तवाहिन्या सैल होऊन हृदयाकडे परतणारे रक्त घटते, जाड झालेल्या कप्प्याला ते कमी पडते आणि रक्तदाब एकदम कोसळून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

दातांचे काम या काळात उरकून घ्यावे. किडलेल्या दातातील जंतू रक्तावाटे नव्या झडपेवर बसू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दंतवैद्याचा निर्वाळा घेतात. टाळेबंदीत दवाखाने बंद असल्याने ही क्षुल्लक वाटणारी अट आयत्या वेळी अडसर ठरते.

लस उपलब्ध असेल तर ती आधी घ्यावी. १ मार्च २०२१ पासून भारतात ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधी असलेल्यांना कोविडची लस देण्यास सुरुवात झाली, तेव्हा सहव्याधींच्या यादीत मध्यम व तीव्र झडपरोगाचा स्पष्ट उल्लेख होता.

सहावी पायरी: संसर्ग झालाच तर

२०२१ च्या लाटेत महाराष्ट्रात घरी असलेल्या कोविड रुग्णांना सहा मिनिटे चालून ऑक्सिजन मोजण्याची चाचणी शिकवली गेली. सर्वसामान्य रुग्णासाठी ती चांगली होती. लक्षणे असलेल्या तीव्र स्टेनोसिसच्या रुग्णाने मात्र ती डॉक्टरांना न विचारता करू नये, कारण श्रमाने भोवळ येऊन पडण्याचा धोका याच आजारात असतो. त्याने बसून मोजलेले आकडे दिवसातून चार वेळा लिहावेत. तेच ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथे झोपण्याच्या सल्ल्याबाबत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनेत गंभीर हृदयविकार असलेल्यांनी तो घरी करू नये असे म्हटले होते, पण शेजारून-पाजारून आलेल्या संदेशांत ही ओळ गळून गेलेली असे.

स्टेरॉइड सुरू झाले तर शरीरात मीठ-पाणी साचते आणि साखर वाढते, म्हणून वजनाची वही अशा वेळी अधिकच काटेकोर ठेवावी. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा ऍसिट्रॉम ही गोळी चालू असलेल्या रुग्णाला अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक दिले, तर रक्त जास्त पातळ होऊ शकते. औषध लिहून देणाऱ्याला हे सांगून काही दिवसांतच आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारा आकडा, तपासून घ्यावा.

बरे झाल्यावर लगेच शस्त्रक्रिया करणे शहाणपणाचे नसते. ११६ देशांतील १ लाख ४० हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, कोविडच्या संसर्गानंतर सात आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले होते. ही पाहणी लसीकरण सर्वत्र पोहोचण्यापूर्वीची आणि सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांची आहे. ज्याची झडप सात आठवडे तग धरणार नाही, त्याच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात.

सातवी पायरी: छाती उघडून, की मांडीतून?

झडप बदलण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात छातीचे हाड उघडून, हृदय थांबवून नवी झडप शिवतात. दुसऱ्यात मांडीच्या धमनीतून नळीने घडी केलेली झडप नेऊन जुन्या झडपेतच उघडतात. याला ‘टावी’ म्हणतात. फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी एप्रिल २००२ मध्ये ती प्रथम माणसात केली. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६५ वर्षांखाली शस्त्रक्रिया आणि ८० वर्षांपुढे टावी यांना प्राधान्य आहे, मधल्या वयात दोन्हींचा विचार होतो.

साथीच्या काळात टावीचे पारडे थोडे जड होते, आणि त्याची कारणे व्यावहारिक आहेत. बहुधा पूर्ण भूल न देता गुंगीवर काम भागते, व्हेंटिलेटर लागत नाही, रक्त क्वचितच चढवावे लागते आणि अनेक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातात. रक्तदान शिबिरे बंद पडल्याने राज्यात रक्ताचा तुटवडा झाला होता, तेव्हा हा मुद्दा लहान नव्हता. पण दोन पाकळ्यांची झडप, फुगलेली महाधमनी, सोबत बायपासची गरज किंवा तरुण वय असेल, तर केवळ साथ आहे म्हणून टावीकडे वळणे मला पटत नाही. साथ वर्ष-दोन वर्षांची, झडप मात्र पुढच्या कित्येक वर्षांची असते. टावीनंतर हृदयाच्या विद्युतमार्गावर दाब येऊन काहींना पेसमेकर बसवावा लागतो, हेही आधी विचारून ठेवावे. फुग्याने झडप तात्पुरती रुंद करण्याचा उपाय आहे, पण ती काही महिन्यांत पुन्हा आकसते, त्यामुळे तो केवळ वेळ काढण्यापुरता वापरतात.

खर्चाचा फरक मोठा आहे, कारण टावीची झडपच काही लाखांची असते. गुजरातमधील वापी येथे तयार होणारी भारतीय झडप आता मिळते. तिची किंमत आणि परदेशी झडपेची किंमत दोन्ही लेखी मागाव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये साथीमुळे राज्यातील सर्व रहिवाशांना खुली करण्यात आली होती. आपला उपचार योजनेत बसतो की नाही हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच समजून घ्यावे.

आठवी पायरी: दाखल होताना

रुग्णालय सांगेल त्या मुदतीतील आरटीपीसीआर अहवाल, इको आणि सीटी स्कॅनच्या प्रती, औषधांची यादी, चष्मा, कवळी, मोबाइलचा चार्जर. सोबत एकालाच राहू देतात, म्हणून तो एक जण आधीच ठरवावा आणि घरातल्या इतरांनी त्यालाच फोन करावा. दाखल होण्याआधी पंधरा दिवस रुग्णाने आणि त्या सोबत्याने लग्न-बारशाला जाऊ नये.

नववी पायरी: घरी आल्यावर

धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि आयएनआर तपासावा लागतो. साथीत प्रयोगशाळेत जाणे नको म्हणून तपासणीची गरज नसलेल्या नव्या गोळ्यांवर जाण्याचा मोह होतो. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. ब्रिटनमध्ये साथीच्या काळात काही रुग्णांना चुकून अशा गोळ्या दिल्या गेल्या आणि जुलै २०२१ मध्ये तिथे राष्ट्रीय पातळीवर सुरक्षिततेचा इशारा काढावा लागला. तपासनीस घरी येऊन रक्त नेईल अशी सोय करावी, पालेभाजी बंद करण्याऐवजी रोज साधारण सारख्या प्रमाणात खावी, आणि गोळ्यांचा महिन्याभराचा साठा ठेवावा.

नव्या झडपेच्या रुग्णाला ताप आला, तर साथीच्या दिवसांत सगळ्यांचे लक्ष एकाच चाचणीकडे जाते. ती करावीच, पण ताप झडपेवरील जंतुसंसर्गाचाही असू शकतो. तो ओळखण्यासाठी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, लागते, आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस पोटात गेल्यावर घेतलेले कल्चर अनेकदा कोरे येते. म्हणून जवळच्या दवाखान्यातून आणलेली तापाची पुडी किंवा प्रतिजैविक सुरू करण्याआधी, रुग्णाला झडप बसवलेली आहे हे सांगून, कल्चरसाठी रक्त काढून घ्यायला सांगावे. झडपेचे नाव, क्रमांक आणि बसवल्याची तारीख असलेले जे कार्ड रुग्णालय देते, ते अशा वेळी दाखवायला रुग्णाच्या खिशात असावे.